पाठींचे फोटो पुरे झाले: बुधवारच्या बाजारात शिकून जगभर वापरायची स्ट्रीट फोटोग्राफी

परदेशवारी करून आलेल्यांच्या मेमरी कार्डात बहुधा दोनच गोष्टी सापडतात: इमारती आणि माणसांच्या पाठी. पाठी एवढ्यासाठी, की समोर जायचा धीर झालेला नसतो. मग पुढच्या खेपेसाठी मोठी झूम लेन्स घेतली जाते आणि पुढच्या खेपेला त्याच पाठी जरा जवळून येतात.

धीर सरावाने येतो, आणि सरावाला नाशिकसारखं गाव नाही. गोदाकाठी भरणारा बुधवारचा बाजार, भांडी बाजार आणि सराफ बाजाराच्या गल्ल्या, रविवार कारंजा, पंचवटीतला भाविकांचा राबता, सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. भाषा आपली, त्यामुळे काही चुकलं तर बोलून निस्तरता येतं. लिस्बनला किंवा क्योटोला ती सोय नसते. तिकीट काढलं असेल तर निघण्याआधीचे सहा बुधवार राखून ठेवा.

कँडिड म्हणजे लपून नव्हे

कँडिड म्हणजे माणसाने पोझ न देता, स्वतःच्या कामात असताना टिपलेला फोटो. त्याला तुम्ही दिसू नये अशी काही अट नाही. उलट अनुभवी माणसं मुद्दाम दिसतात. कॅमेरा छातीवर उघडा, चाल संथ, चेहरा मोकळा. पहिली पाच मिनिटं लोक बघतात, मग गिऱ्हाईक येतं आणि तुम्ही बाजाराचा भाग होऊन जाता. फोटो त्यानंतरचे.

२०० मिमीच्या लेन्सने रस्त्यापलीकडून काढलेल्या फोटोत दोन दोष येतात. मागचं-पुढचं सगळं एकमेकांवर चिकटल्यासारखं दिसतं, जागा कळत नाही. आणि बघणाऱ्याला आपण कुणावर तरी पाळत ठेवून आहोत असं वाटत राहतं. शिवाय लांबून रोखलेली लेन्स दिसली की माणूस चिडतो. दोन मीटरवर उभा असलेला, हसून मान हलवणारा माणूस तेवढा खुपत नाही.

एक लेन्स, सहा आठवडे

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर २३ मिमी. फक्त किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स असेल तर १८-५५ ची झूम रिंग २३-२४ वर ठेवून कागदी चिकटपट्टी लावून टाका. हे हास्यास्पद वाटेल, पण उपयोग मोठा: एकाच कोनाची सवय लागली की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकटीत काय येईल ते कळतं. झूम फिरवण्यात जाणारा सेकंद वाचतो, आणि बाजारातला क्षण तेवढाच असतो.

मेनूत जाऊन दोन गोष्टी बंद करा. फोकस झाल्यावर वाजणारा बीप, आणि अंधारात फोकसला मदत करणारा छोटा दिवा. संध्याकाळी तो दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर पडला की कँडिड तिथेच संपलं. पाठीवर मोठी सॅक नको. बुधवारच्या गर्दीत वळताना ती टोमॅटोच्या ढिगाला लागते, आणि पुढचा अर्धा तास माफी मागण्यात जातो.

मोबाइलवाल्यांनीही पुढचं वाचावं. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीइतकी रुंद दिसते, म्हणून दीड-दोन मीटरवर यावं लागतं. ०.६ वाली रुंद लेन्स माणसांसाठी वापरू नका, कडेचे चेहरे ताणले जातात. पोर्ट्रेट मोडची धूसर पार्श्वभूमी पदराच्या काठावर, चष्म्याच्या दांडीवर आणि मोकळ्या केसांवर हमखास फसते. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. फोटो आवाजाच्या बटणाने घ्या, म्हणजे हात हलत नाही.

सेटिंग घरूनच लावून निघा

बाजारात पोचल्यावर चाकं फिरवत बसू नका. अ‍ॅपर्चर (लेन्सच्या आतलं भोक) एफ/८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये.

१/५०० का, तर माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. १/६० सेकंदात तो दोन सेंटीमीटर सरकतो, आणि दोन मीटरवरून आडवा जात असेल तर चेहरा पुसट येतो. १/५०० मध्ये तो अडीच मिलिमीटरच सरकतो. बसलेल्या विक्रेत्याला १/२०० पुरतं, पण त्याचे हात पैसे मोजत असतील तर नाही. मोकळ्या उन्हात याच सेटिंगला आयएसओ सव्वाशेच्या आसपास राहतो. ताडपत्रीखाली शिरलात की दीड-दोन हजारांवर जातो, आणि जाऊ द्यावा. दाणेदार पण स्पष्ट फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आता झोन फोकस. ऑटोफोकस बंद करायचा आणि लेन्स एका ठरावीक अंतरावर लावून ठेवायची. फुल फ्रेमवर ३५ मिमी, एफ/८, फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एपीएस-सीवर २३ मिमी, एफ/८, फोकस अडीच मीटरवर ठेवला तर १.४ पासून जवळजवळ १० मीटरपर्यंत. मग कॅमेरा उचलला की बटण दाबायचं, शोधाशोध नाही. यात चूक होते ती अंतराच्या अंदाजात. घरी दाराला, खुर्चीला, गॅलरीच्या कठड्याला नजरेने अंतर लावा आणि टेपने मोजा. रोज वीसदा केलंत तर आठवड्यात नजर बसते. चालती चार पावलं म्हणजे साधारण तीन मीटर.

नव्या कॅमेऱ्यांचं डोळे ओळखणारं फोकस चांगलं आहे, एकटा माणूस असेल तर तेच वापरा. गर्दीत मात्र ते मिरच्या विकणारी बाई सोडून मागून जाणाऱ्या शाळकरी पोराचा डोळा पकडतं.

ताडपत्रीचा निळा चेहरा

बाजारातल्या फोटोंचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे निळी ताडपत्री. तिच्यातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर पडला की माणूस आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) बदलून पुरतं निस्तरत नाही, कारण चेहऱ्याच्या एका बाजूला ताडपत्रीचा निळा आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा पांढरा उजेड असतो. एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. उपाय जागेचा आहे. पालाच्या काठाशी, जिथे बाहेरचा उजेड आडवा आत येतो, तिथे बसलेला विक्रेता शोधा. तुम्ही बाहेरच्या बाजूला, पण त्याच्यावर सावली न पाडता. चेहऱ्यामागे पालाचा आतला अंधार येतो आणि चेहरा आपोआप उठतो. पिवळ्या ताडपत्रीचा उजेड तितका वाईट नसतो, हळद-लिंबाच्या ढिगाजवळ तर शोभतो. निळ्यातून सुटकाच नसेल तर तो फोटो कृष्णधवल करा.

दुपारी बारा ते तीन मोकळ्या उन्हात चेहऱ्यांचे फोटो काढण्यात अर्थ नाही, डोळ्यांच्या जागी खड्डे येतात. त्या वेळी गल्ल्यांत जा. जुन्या नाशकातल्या अरुंद बोळांत ऊन एकाच भिंतीवर पडतं आणि समोरच्या बाजूला मऊ होऊन परततं. ती समोरची बाजू आपली. भांडी बाजारात पितळेच्या घागरी-पातेल्यांवरून उडालेला उजेड दुकानदाराच्या चेहऱ्यावर सोनेरी येतो, तो काढून टाकायच्या फंदात पडू नका.

घाटावर दिशा समजून घ्या. गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते, पंचवटी तिच्या पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. त्यामुळे सकाळी जुन्या नाशकाच्या काठावरून पंचवटीकडे तोंड केलंत तर ऊन समोरून येतं, माणसांच्या आकृत्या काळ्या दिसतात आणि कडा चमकतात. चेहरे हवे असतील तर पलीकडे जाऊन पश्चिमेकडे तोंड करा. चमकत्या पाण्यापुढे उभा असलेला माणूस घेताना एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) भरपाईच्या चाकाने +१ करा, नाहीतर चेहरा काळा पडेल. उलट पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि सावळा चेहरा असेल तर −०.७ करा. टोपी एकदा जळून पांढरीफटक झाली की रॉमधूनही परत येत नाही, सावलीतला चेहरा मात्र उजळवता येतो.

संध्याकाळी गोदा आरतीला एफ/२, १/१२५, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा आणि एक्स्पोजर ज्योतीवर न ठरवता चेहऱ्यावर ठरवा. इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बिनआवाजी शटर वापरू नका. एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटरवरही पट्टे किंवा उजेडाचा फरक दिसला तर १/१०० वर या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवे तिच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. जपानमध्ये याची गंमत आहे: टोकियोत ५० हर्ट्झ, क्योटो-ओसाकात ६०. तिकडे गेल्यावर १/१०० चं १/१२० करावं लागतं, अमेरिकेतही तेच.

उभं कुठे राहायचं

नवखा माणूस चेहऱ्यामागे पळतो. त्याऐवजी आधी पार्श्वभूमी निवडा: एक साधी भिंत, अर्धं उघडं दार, कांद्याच्या गोण्यांची रांग. चौकट ठरवा, फोकस लावा आणि वीस मिनिटं हलू नका. माणसं चौकटीत येतील, जातील. तुम्ही आधीपासून तिथे आहात आणि ती नंतर येतात, त्यामुळे तुम्ही त्यांच्यावर चाल करून गेलात असं कुणालाच वाटत नाही.

गिऱ्हाइकाची जागा अडवू नका. बाजारात छायाचित्रकाराबद्दल जी खरी तक्रार असते ती हीच, फोटोबद्दल नसते. पालाच्या कोपऱ्यावर, विक्रेत्याच्या तराजूच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलं की त्याचा धंदा मोकळा राहतो आणि तुम्हाला तिरका कोन मिळतो. क्षण कुठला घ्यायचा? तराजू तोलत असताना नाही, सगळे तोच घेतात. भावावरून घासाघीस संपून दोघांनी मान्य केल्यावरचा अर्धा सेकंद बघा. सुट्टे मोजताना ओठ हलतात. मेथीची जुडी नाकाशी धरून गिऱ्हाईक विचार करतं. गिऱ्हाईक गेल्यावर विक्रेती पदराने तोंड पुसते. हे सगळं थांबलेल्यालाच दिसतं.

कुणी बघितलं तर कॅमेरा झटकन खाली घेऊ नका आणि 'मी मागची भिंत काढत होतो' असा आव आणू नका. तो आव सगळ्यांना कळतो. मान हलवा, हसा, दोन पावलं जवळ जा. 'मावशी, तुमचा फोटो काढला, बघता का?' एवढं पुरतं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवा. 'कशाला काढला रे?' असं विचारलं तर खरं सांगा: 'बाजाराचे फोटो काढतोय, शिकतोय.' 'नको' म्हटलं तर समोरच डिलीट करा आणि वाद घालू नका, कायदा आपल्या बाजूने असला तरी.

विचारून काढलेलं पोर्ट्रेट

हे वेगळं काम आहे, त्याचं गणितही वेगळं. ३५ मिमीने चेहरा भरून घ्यायला गेलात तर नाक मोठं येतं. हा दोष अंतराचा असतो, लेन्सचा नसतो. एक मीटरच्या आत चेहरा बिघडतोच. दीड मीटरवर उभे राहा आणि ५० किंवा ८५ मिमी वापरा, मोबाइलवर २x. ८५ मिमीवर एफ/१.८ ठेवलंत तर दीड मीटरवर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. चेहरा जरा वळला की एक डोळा धूसर. एफ/४ ठेवा, साडेसात सेंटीमीटर मिळतात आणि पार्श्वभूमी तरीही मऊ राहते.

जागा म्हणून दुकानाचा किंवा घराचा उंबरठा सगळ्यात सोपा. माणसाला उंबऱ्याच्या एक पाऊल आत उभं करा, तोंड रस्त्याकडे. डोळ्यांत आकाशाचा छोटा पांढरा ठिपका दिसला की उजेड जमला. दिसत नसेल तर हनुवटी थोडी वर घ्यायला सांगा.

'काका, एक फोटो काढू का? इथेच, असेच बसा' म्हटल्यावर काका टोपी सरळ करतात, बटण लावतात आणि पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ होतात. तो फोटो काढाच, तो त्यांना हवा असतो. मग कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून दुकान किती वर्षांचं आहे ते विचारा. बोलता बोलता खांदे उतरतात. तुमचा फोटो सहसा चौथ्या ते आठव्या चौकटीत असतो. आठच्या पुढे जाऊ नका, माणूस कंटाळतो.

इथे कॅमेरा खाली

रामकुंडावर रोज दशक्रिया विधी आणि अस्थिविसर्जन चालू असतं. त्या कुटुंबांचे फोटो काढायचे नाहीत, लांबूनही नाही, पाठमोरेही नाही. स्नान करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या स्त्रियांकडे लेन्स वळवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचं खासगी कृती करतानाचं चित्रण हा गुन्हा आहे. देवळांच्या गाभाऱ्यात पाटी असो वा नसो, विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. नाशिकरोडची नोटांची आणि सिक्युरिटी प्रेस, देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमान कारखाना यांच्या आसपास कॅमेरा पिशवीतच राहू द्या, तिथे 'शिकतोय' हे उत्तर चालत नाही. लहान मुलांचा चेहरा ओळखू येईल असा फोटो असेल तर आई-बापाला विचारा.

रंगपंचमीचं प्रकरण स्वतंत्र आहे. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद उघडले की त्यात धप्पा (उडी) मारणाऱ्यांचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात, आणि दरवर्षी कितीतरी लेन्स त्या रंगाला बळी पडतात. लेन्सवर यूव्ही फिल्टर लावा. झिपलॉक पिशवीला फिल्टरच्या मापाचं भोक पाडून ती फिल्टरच्या कडेला रबरबँडने आवळा, सांध्यावर चिकटपट्टी फिरवा. लेन्स बदलणं दिवसभर बंद. धप्प्यासाठी शटर १/१०००. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, किंवा ओळख काढून एखाद्या घराच्या पहिल्या मजल्यावरून काढा. घरी गेल्यावर पिशवी ओल्या फडक्याने पुसून मगच कॅमेरा बाहेर काढा.

विमानात बसण्याआधी

सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत, हातातल्या सामानात न्यायचे, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या खूप खाली असते. कॅमेरा-लेन्स महाग असेल तर निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यावर सीरियल नंबर असतात आणि परतताना 'हे बाहेरून आणलं का' हा प्रश्न मिटतो. यासाठी वेळ लागतो, तासभर आधी पोचा. २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ जीबीची चार बरी. ३० एमबीच्या रॉ फाइल धरल्या तर एका कार्डात दोनेक हजार मावतात, आणि एक हरवलं तरी सगळा प्रवास हरवत नाही. रोज रात्री छोट्या एसएसडीवर (बाहेरून जोडायच्या डिस्कवर) प्रत घ्या, आणि ती कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवू नका.

कायदे देशागणिक बदलतात, आणि काढणं व प्रसिद्ध करणं यांत फरक असतो. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते, तो कायदा १९०७ चा. फ्रान्समध्येही स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क न्यायालयं मानतात. हंगेरीच्या २०१४ पासूनच्या नागरी संहितेनुसार तर फोटो काढायलाच संमती लागते, गर्दीचा फोटो अपवाद. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावर बरीच मोकळीक आहे. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय माणसांवर कॅमेरा रोखूच नका. क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून फोटोबंदीच्या पाट्या आणि १०,००० येनचा दंड आहे. गेइशांच्या मागे धावणाऱ्या पर्यटकांनीच ती वेळ आणली.

पैशांचं आधी ठरवा. मराकेशच्या जेमा एल-फना चौकातले गारुडी आणि पाणीवाले फोटोसाठीच उभे असतात. त्यांचा तो धंदा आहे, काढलात तर द्या. बाकी ठिकाणी पैशापेक्षा खरेदी बरी. बुधवारी मेथी घेतो तसंच.

अंतर मात्र नव्याने जुळवावं लागतं. आपल्या बाजारात दोन मीटर म्हणजे लांब. उत्तर युरोपात तेवढ्यावर आलात की माणूस मागे सरकतो, तिथे तीन-चार मीटरवरून, मोठी चौकट घेऊन काढा. पहिल्या दिवशी कॅमेरा न काढता तासभर चौकात बसा आणि लोक एकमेकांपासून किती लांब उभे राहतात ते बघा. 'फोटो काढू का?', 'धन्यवाद' आणि 'छान' हे तीन शब्द तिथल्या भाषेत पाठ करा.

प्रिंट परत न्या

त्या रात्रीच फोटो निवडू नका, कष्टाने मिळालेला प्रत्येक फोटो तेव्हा चांगला वाटतो. आठवड्याने बघा आणि शंभरातले दोन ठेवा. त्यात ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्यासाठी ४ बाय ६ ची प्रिंट काढा, त्याला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. मॅट कागद सांगा. भाजीवाल्यांचे हात ओले असतात आणि ग्लॉसी प्रिंटा ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटतात. मागे तारीख लिहा आणि पुढच्या बुधवारी नेऊन द्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शेजारच्या पालावरून 'आमचा कधी काढणार?' अशी हाक येते. परदेशात परत जाणं जमत नाही, तिथे खिशात मावणारा छोटा प्रिंटर किंवा जागच्या जागी फोन नंबर विचारून पाठवलेला फोटो चालतो. पाठवायचं कबूल केलं तर त्याच रात्री पाठवा, दुसऱ्या गावाला पोचल्यावर ते राहून जातं.